मरणाच्या घरी बायबल वाचायला बसताना

पुस्तक लगेच उघडू नका. पिशवीतच राहू द्या. अंगणात चपला काढा, आत जा आणि ज्या बाईचं माणूस गेलं तिच्याजवळ भुईवर बसा. कोणी पाणी दिलं तर प्या. बायबलमधल्या ईयोबाची लेकरं, गुरंढोरं सगळं गेलं. त्याचे तीन मित्र त्याला भेटायला आले, तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ भुईवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी त्याच्यासाठी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. पुढं तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. अध्यायामागून अध्याय ते त्याला त्याच्या दुःखाचं कारण समजावत राहतात आणि शेवटी देवच त्यांच्यावर संतापतो. मयतीच्या घरी निघण्याआधी मी ईयोबाचा दुसरा अध्याय आजही एकदा वाचून घेते.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आमची मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, ११ घरांची. पाळकांकडं, म्हणजे पास्टरांकडं, सात गावं, त्यात पावसाळ्यात नाल्याला पूर आला की रस्ता बंद. मातीच्या वेळेपर्यंत ते पोचतातच असं नाही. मग घरचे मला बोलावतात, ‘बाई, तुम्हीच वाचा.’ आता मंडळीतली तरुण मुलं-मुली हे काम शिकायला म्हणतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. बायबल मरणाबद्दल काय सांगतं हे माहीत असणं एक, आणि रडत्या माणसांसमोर ते वाचणं दुसरं. दोन्ही शिकावं लागतं.

पहिल्या संध्याकाळी

माती झाली त्या संध्याकाळी थोडंच वाचा. तेविसावं स्तोत्र, नाहीतर योहानाच्या शुभवर्तमानाचा ११वा अध्याय. मी बहुतेक वेळा योहान घेते, कारण त्यात मयतीचं घरच आहे. यरुशलेमेपासून तीनेक किलोमीटरवर बेथानी गाव, तिथं मार्था आणि मरीया या बहिणींचा भाऊ लाजर वारला. येशू पोचला तेव्हा त्याला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. दोघी बहिणी वेगवेगळ्या येऊन त्याला एकच वाक्य बोलतात, की तुम्ही इथं असता तर आमचा भाऊ मेला नसता. ही तक्रार आहे आणि येशू ती ऐकून घेतो, कोणालाही दटावत नाही. हे वाक्य वाचताना थोडं थांबा. आपल्या गावात ज्या घरी डॉक्टर वेळेवर मिळाला नाही, गाडी मिळाली नाही, त्या घरातल्या बाईच्या मनात दिवसभर हेच वाक्य फिरत असतं.

मग २५वी ओवी सावकाश वाचा. ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे, जो माझ्यावर विश्वास ठेवतो तो मेला असला तरी जगेल.’ आणि ३५वी. ‘येशू रडला.’ थोड्याच वेळात आपण लाजराला उठवणार हे त्याला माहीत होतं, तरी तो रडला. मयतीच्या घरी ‘रडू नका, तो देवाजवळ गेला’ असं सांगणाऱ्यांना मी हीच ओवी दाखवते.

मी ३६व्या ओवीवर थांबते. त्यापुढं लाजर कबरेतून बाहेर येतो. तेही वाचायचंच आहे, पण त्या संध्याकाळी नको. ज्या आईनं दोन तासांपूर्वी पोरावर माती लोटली, तिला तो भाग टोचतो, कारण तिचं पोरगं उठलेलं नसतं. पुढं कधी वाचाल तेव्हा हेही सांगा, की लाजर पुन्हा याच देहात, याच जगात परत आला होता. ख्रिस्ताचं उठणं त्याहून निराळं. तो पुन्हा मरत नाही, असं पौल, म्हणजे सुरुवातीच्या मंडळ्यांना पत्रं लिहिणारा प्रेषित, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो. आपली आशा लाजराच्या उठण्यावर टेकलेली नाही, ख्रिस्ताच्या उठण्यावर टेकलेली आहे.

एक वाक्य तर कधीच अर्ध्यावर सोडू नका. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल म्हणतो, की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक तुम्ही करू नये. सन ५०च्या सुमाराचं हे पत्र, म्हणजे नव्या करारातल्या, बायबलच्या येशूपासूनच्या भागातल्या, सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक. प्रभू परत येण्याआधीच आपली माणसं मेली, त्यांचं काय, या काळजीनं तिथली मंडळी खचली होती. घाईत वाचणारे त्यातलं ‘शोक करू नये’ एवढंच मोठ्यानं म्हणतात आणि आयाबाया पदर तोंडात कोंबून गप्प होतात. पौलानं शोक बंद करायला सांगितलेलं नाही. आशा धरून रडा, असं तो सांगतो.

भाषेचं एक सांगते. आपलं पवित्र शास्त्र जुन्या वळणाच्या मराठीत आहे. ‘अधोलोक’, ‘महानिद्रा’, ‘अविनाशीपण’ हे शब्द आमच्याकडच्या म्हातारीला कळत नाहीत. वाचताना शब्द बदलू नका. ओवी पूर्ण वाचा, मग तिच्या बोलीत अर्थ सांगा. साध्या बायकांना कळेल असं शास्त्र मराठीत असावं, या तळमळीनं पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबलचं भाषांतर केलं. ते चालू असताना १९२१मध्ये त्यांची एकुलती एक लेक मनोरमा वारली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ला त्याही गेल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये छापलेलं ते पुस्तक १९२४मध्ये बाहेर आलं. लेकरू गमावलेल्या आईला मी हे आवर्जून सांगते. मरणाबद्दलच्या या ओव्या एका आईनं, पोटची लेक गेल्यावरही, मराठीत उतरवण्याचं काम चालू ठेवलं होतं.

‘माह्यं लेकरू आता कोठी असन?’

हा प्रश्न येतोच. दोन वर्षांमागं आमच्या शेजारच्या गावात १९ वर्षांचा एक मुलगा गेला. शेतीची लाईन रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायला वावरात गेला आणि साप चावला. तिसऱ्या दिवशी वाचन होतं. घरात वेचलेल्या कापसाची गंजी छताला टेकली होती, तिच्या कडेला जागा करून आम्ही बसलो. मी पुस्तक उघडण्याआधीच त्याच्या आईनं विचारलं, ‘बाई, माह्यं लेकरू आता कोठी असन?’

याचं उत्तर देण्याआधी एवढं ध्यानात ठेवा, की बायबल मरणानंतरचा नकाशा काढून देत नाही. जुन्या करारात, म्हणजे येशूच्या आधीच्या पुस्तकांत, बहुतेक ठिकाणी अंधुकच दिसतं. मेलेला अधोलोकात जातो, तिथं शांत अंधार आहे. उपदेशक तर म्हणतो, मेलेल्यांस काही कळत नाही, आणि तोच पुढं म्हणतो, माती मातीस मिळते आणि आत्मा देणाऱ्या देवाकडं परत जातो. दावीद राजाचं तान्हं लेकरू सातव्या दिवशी वारलं तेव्हा तो म्हणाला, मी त्याच्याकडं जाईन, पण तो माझ्याकडं परत येणार नाही. उजेड हळूहळू वाढत जातो. दानीएलाच्या १२व्या अध्यायात पहिल्यांदा स्वच्छ शब्दांत येतं, की मातीत निजलेल्यांतले पुष्कळ जण उठतील. येशूच्या काळातही यहुद्यांचं यावर एकमत नव्हतं. परूशी पंथाचे लोक पुनरुत्थान मानत, सदूकी पंथाचे मानत नसत.

नव्या करारात या प्रश्नाला दोन पदरी उत्तर आहे आणि दोन्ही पदर सांगायला हवेत. पहिला, आत्ता. लूकाच्या शुभवर्तमानात वधस्तंभावर शेजारी मरत असलेल्या गुन्हेगाराला येशू म्हणाला, ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील.’ पौल तुरुंगातून लिहितो, इथून सुटून ख्रिस्ताजवळ असावं असं मला वाटतं. दुसरा पदर, शेवटी. शेवटच्या दिवशी देह उठेल. बरेच जण पहिलं सांगून थांबतात आणि ऐकणाऱ्याची समजूत होते, की देह म्हणजे टाकून दिलेला जुना सदरा. बायबल तसं म्हणत नाही. ज्या हातानं त्या मुलानं पाण्याची बारी फिरवली, त्या हातालाही आशा आहे.

काही मंडळ्या शिकवतात, की मेलेला पुनरुत्थानापर्यंत झोपलेला असतो. कॅथलिक बांधव शुद्धीस्थान, म्हणजे मेल्यावर आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था, मानतात आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रत्येकाचा आधार वेगळ्या ओव्यांचा. मयतीच्या घरी यावर वाद घालू नका. नात्यातले लोक वेगवेगळ्या मंडळ्यांचे असतात आणि त्या दिवशी सगळ्यांचं माणूस एकच गेलेलं असतं.

त्या आईला मी लूकातली आणि पौलाची ओवी वाचून दाखवली. म्हटलं, ताई, पुस्तक म्हणतं तो ख्रिस्ताजवळ आहे, आणि पुस्तक म्हणतं तो उठेल. याहून जास्त पुस्तक मला सांगत नाही, म्हणून मी तुम्हाला सांगत नाही. तिनं मान हलवली.

मग करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५वा अध्याय काढला. मरणाबद्दल बायबलमधला एकच अध्याय निवडायचा तर मी हाच निवडीन, आणि शेतकऱ्याच्या घरात तो जितका कळतो तितका कुठंच कळत नाही. पौल म्हणतो, मेलेले कसे उठतील, कोणत्या देहानं येतील, असं विचारता? तू पेरतोस तो नुसता दाणा असतो, पुढं होणारं अंग पेरत नाहीस. मी हात लांबवून गंजीतला कापसाचा पुंजका घेतला, बोटांनी रुई ओढली आणि सरकी काढून तळहातावर ठेवली. काळपट, टणक, भुरी लव चिकटलेली. आतमध्ये हिरवं पान आहे, पिवळं फूल आहे, बोंड आहे, असं कोणी न पाहिलेल्याला सांगितलं तर त्याला खरं वाटणार नाही. जे पेरलं जातं ते नाशवंत, जे उठतं ते अविनाशी. तेच आणि तरी वेगळं.

मुलाचा बाप तोवर भिंतीकडं तोंड करून बसला होता. तो बोलला, ‘अन् नाई निंगाली तं, बाई?’

त्या साली पाऊस लांबला होता, अर्ध्या गावाला दुबार पेरणी करावी लागली होती. पेरलेलं सगळंच उगवत नाही, हे त्याच्याइतकं मला कोण सांगणार? मी घाईनं उत्तर दिलं नाही. त्याच अध्यायातली २०वी ओवी काढली. ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला आहे, तो महानिद्रा घेणाऱ्यांतलं प्रथमफळ आहे. मी त्याला विचारलं, भाऊ, बी टोबल्यावर पाच-सहा दिवसांनी तुम्ही तासावर, पेरलेल्या ओळीवर, काय बघत जाता? तो म्हणाला, कोंब. एक दिसला की? ‘एक दिसला का समजते, ओल पुरली.’ पौल हेच म्हणतो. एक निघालाय. त्या एकावर सगळ्या तासाची आशा आहे. तो निघाला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ, हेही पौल त्याच अध्यायात १७व्या ओवीत सरळ लिहून टाकतो, आडपडदा ठेवत नाही. ही ओवी गाळू नका. शेतकऱ्याला खरं बोलणारा माणूस लगेच ओळखता येतो.

पुढं २६वी ओवी आहे, शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल तो मृत्यू. मरणाला बायबल शत्रू म्हणतं. म्हणून ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ हे वाक्य कोणाच्याही दारात बोलू नका. ते शास्त्रात कुठंही नाही.

न्यायाचं कधी सांगायचं

सांगायचं, पण महिना-दोन महिन्यांनी, घरच्यांनी विचारल्यावर. इब्री लोकांस पत्रात आहे, की माणसाला एकदाच मरणं आणि त्यानंतर न्याय नेमलेला आहे. आमच्या वाचनाला शेजारपाजारचे हिंदू, बौद्ध सगळे येतात, तेरवीला आम्हीही त्यांच्याकडं जातो. कोणी पुनर्जन्माचं विचारलं तर ‘आमच्या पुस्तकात एकदाच आहे’ एवढं सांगा. दुसऱ्याचं खोडून काढायला आपण तिथं गेलेलो नसतो.

न्यायासाठी मत्तयाचा २५वा अध्याय घ्या. तिथं राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही जेवू घातलंत, तहानेला होतो, पाणी दिलंत, आजारी होतो, भेटायला आलात. लूकाच्या १६व्या अध्यायातला श्रीमंत आणि दारातला भिकारी लाजर हेही वाचा, मात्र हा लाजर बेथानीचा नव्हे, हे आधीच सांगा, नेहमी गल्लत होते. या गोष्टीत भिकाऱ्याला नाव आहे, श्रीमंताला नाही. आणि स्वर्गाबद्दल विचारलं तर प्रकटीकरणाचा २१वा अध्याय. त्यात माणसं ढगात जाऊन राहत नाहीत. नगरी खाली उतरते, देव माणसांत वस्तीला येतो आणि त्यांच्या डोळ्यांचं सगळं पाणी पुसतो.

ज्या घरात कोणी स्वतः जीव दिला

हे मी सगळ्यात काळजीनं लिहिते आहे. २००६ साली माझा धाकटा भाऊ कर्जापायी गेला. बाहेरून आलेल्या एका उपदेशकानं मातीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं, की अशा माणसाला स्वर्गात जागा नाही. माझी भावजय नऊ वर्षं मंडळीत आली नाही.

त्या वर्षी मी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत सगळं शास्त्र त्या एका प्रश्नासाठी वाचून काढलं. अबीमलेख, शौल राजा, त्याचा शस्त्रवाहक, अहीथोफेल, जिम्री, यहूदा. जीव दिलेली माणसं बायबलमध्ये आहेत. त्या कारणानं ती नरकात गेली, असं एकही वाक्य मला सापडलं नाही. यहूदाबद्दल कठोर शब्द आहेत, ते त्यानं येशूला धरून दिल्याबद्दल. अहीथोफेलाबद्दल शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात १७व्या अध्यायात लिहिलंय, की त्याला त्याच्या बापाच्या कबरेत पुरलं. घरच्या माणसात, मानानं. शौलाचं धड शत्रूनं बेथ-शानच्या भिंतीला टांगलं होतं, तर याबेश-गिलादचे वीर रात्रभर चालत गेले, त्याचा आणि त्याच्या मुलांचे देह काढून आणले, जाळले, हाडं झाडाखाली पुरली आणि सात दिवस उपास केला. दावीदानं त्याच्यासाठी विलाप रचला. (पुरायचं की जाळायचं, जाळलेला देह उठेल का, असं कोणी विचारलं तर हीच जागा दाखवा. याबेशच्या लोकांनी जाळल्यावरही हाडं मानानं पुरली.)

स्वतःचा जीव घेणं देवाला मान्य आहे, असं मी म्हणत नाही. जीव त्याचा आहे. पण निकाल देण्याची खुर्ची आपली नाही. अशा घरी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटच्या दोन ओव्या वाचा. देवाच्या प्रीतीपासून काहीच आपल्याला वेगळं करू शकणार नाही, असं सांगताना पौल जी यादी देतो, तिच्यात पहिला शब्द ‘मरण’ आहे. आणि ८८वं स्तोत्र वाचा. त्याचा शेवट अंधारात होतो, आशेची ओळ नाही, तरी ते देवाच्या पुस्तकात आहे. भावजय परत आली तेव्हा तिनं मला पहिल्यांदा हेच स्तोत्र काढायला सांगितलं होतं.

वाचन झाल्यावर त्या घरात आणखी कोण गप्प झालंय ते बघा. भाऊ, लेक, म्हातारा बाप. त्याच्याजवळ बसा, सरळ विचारा की तुमच्याही मनात असं काही येतं का, आणि हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, दवाखान्यात सोबत जा.

कबरेची जागा

हे कागदी काम आहे, पण वेळ आल्यावर फार छळतं. आमच्या कबरस्तानाची नोंद कागदावर नव्हती आणि एकदा भर पावसात प्रेत अंगणात ठेवून आम्ही चार तास परवानगीसाठी फिरलो. उत्पत्तीचा २३वा अध्याय तरुणांना वाचायला द्या. सारा वारल्यावर अब्राहाम परक्या मुलखात होता. हित्ती लोक फुकट जागा देत होते, त्यानं घेतली नाही. चारशे शेकेल चांदी तोलून दिली आणि वेशीवर सगळ्यांसमक्ष मकपेलाचं शेत, गुहा आणि हद्दीतली झाडं आपल्या नावावर करून घेतली. सातबाराच म्हणा. तुमच्या गावातली नोंद बघून घ्या, नसेल तर तलाठ्याकडं अर्ज द्या, कोणी आजारी पडण्याआधी.

महिन्यानंतर

तिसरा दिवस होतो, पाहुणे जातात, मंडप निघतो. तेव्हा पुन्हा जा. मी त्या आईकडं महिन्यानं गेले तेव्हा ती वावरात कापूस वेचत होती. पदराची ओटी भरलेली. मीही शेजारच्या तासाला लागले. बराच वेळ काही बोलणं नाही. मग तिनं तोच प्रश्न विचारला, त्याच शब्दांत. मी त्याच दोन ओव्या सांगितल्या. पुढच्या आठवड्यातही तिनं तोच विचारला.

नवीन काहीतरी सांगावं असा मोह होतो, ते टाळा. तिला नवीन ऐकायचं नसतं. आता तिच्या त्या दोन ओव्या पाठ आहेत. मी एखादा शब्द चुकले तर ती दुरुस्त करते. दर गुरुवारी दुपारी मी जाते, ती धुऱ्यावरच्या निंबाखाली भाकर सोडते, आणि आधी आम्ही जेवतो.